चौथ्या मजल्यावरची मासळी

"घ्या व्याहीबुवा," मेंढीचं शिजवलेलं डोकं ओमुरबेकांच्या पुढ्यात ठेवत सालकिनबाई म्हणाल्या, "मानाचा घास मानाच्या माणसाला. आणि बघा, ताटात कसं सरळ बसलंय! आमच्या न्हाणीघराचा दरवाजा एवढा सरळ बसला असता, तर मी आज आणखी एक मेंढी कापली असती."

बैठक हसण्यानं दणाणली. ओमुरबेकही हसले. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि चहा ओतता ओतता बुरुलला त्या दिसल्या. बापाच्या कानांशी तिची लहानपणापासूनची ओळख होती. तोंड काहीही बोलू दे, खरं काय ते कानांवर यायचं.

घरभरणीचा दिवस होता. तोकमोकचं जुनं घर विकून सालकिनबाईंनी बिश्केकमध्ये हा फ्लॅट घेतला, तोही व्याह्यांनीच बांधलेल्या इमारतीत. ओमुरबेकांनी तेव्हा फार आग्रह केला होता, लेकीचंच घर आहे, सवलत घ्या म्हणून. बाईंनी हात जोडले. "सुनेच्या बापाचे उपकार घेतले की जन्मभर तोंडाला कुलूप," असं त्यांनी तिलेकला, आपल्या लेकाला, बजावलं होतं. ते कुलूप टळलं आणि तेव्हापासून त्या तोंडाचा मनसोक्त वापर चालला होता. किल्ल्या मिळाल्या त्या उन्हाळ्यात भेगा सापडल्या, मग फरशी सापडली, मग दरवाजा. प्रत्येक दोष त्या पाहुण्यांना असा दाखवायच्या, जणू माहेरहून आलेला दागिना.

आणि यात बुरुलची पंचाईत अशी की, हेच तिचं काम होतं. बापाच्या कचेरीतली खुर्ची सोडून ती जिथे नोकरीला लागली होती, तिथली माणसं घर ताब्यात मिळाल्यावर खरेदीदारांच्या बोलावण्यावरून जात, भिंती ठोकून बघत आणि सापडलेल्या प्रत्येक दोषाचा दर्जा ठरवत. बांधणाऱ्याला काय, कधी आणि कुणाच्या खर्चानं दुरुस्त करावं लागणार, ते त्या दर्जावर ठरे. "माझ्या पोटची पोर माझ्याच धंद्याची उणीदुणी काढत हिंडते," असं ओमुरबेक एकदाच म्हणाले होते. त्यानंतर बापलेकीत हा विषय निघाला नव्हता. म्हणून स्वतःच्या घरात पाऊल टाकताना बुरुलनं तपासणीचे डोळे चपलांसारखे दाराबाहेर काढून ठेवले होते. इथे आपण सून आहोत आणि लेक आहोत, तपासनीस नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं होतं.

पण सासू ठरवू देईल तर ना.

"बुरुल, चहा राहू दे," सालकिनबाई म्हणाल्या. "ये अशी समोर. रोज परक्यांच्या घरातले दोष काढतेस, आज आपल्या घरातले काढ. मी म्हणते, सगळे पहिल्या दर्जाचे आहेत. तुझे बाबा म्हणतात, दोषच नाहीत. तू काय ते ठरव. सगळ्यांदेखत."

"आई, आज पाहुणे आहेत."

"म्हणून तर म्हणते. साक्षीदार आयते आहेत."

"वा!" बुरुलचा थोरला भाऊ मक्सात म्हणाला. बापाच्या सगळ्या बांधकामांवर देखरेख त्याचीच असायची. "जेवायला बोलवायचं आणि पंचनामा करायचा, ही तोकमोकची रीत दिसते."

"तोकमोकची रीत म्हणजे, पाहुण्याला आधी पोटभर वाढायचं. उपाशीपोटी कुणाला बोलत नाही आम्ही."

ओमुरबेकांनी सुरी खाली ठेवली. "करू दे. माझी लेक आहे, माझ्या हाताखाली शिकलीय. बघू तरी, काय काढते."

"लेक तुमची, पण सून माझी," सालकिनबाई म्हणाल्या.

बुरुलनं आशेनं नवऱ्याकडे पाहिलं. तिलेक भिंतीला टेकून कपाळ चोळत बसला होता. "मला यात ओढू नका," तो म्हणाला. "आज पुन्हा डोकं ठणकतंय."

"फोनमध्ये तोंड खुपसून बसलं की ठणकणारच," आईनं निकाल दिला. "चल बुरुल. आधी भेग."

बुरुल उठली. एकदा उठावंच लागलं, तर नीट करावं, असा तिचा स्वभाव. ती पाहुण्यांकडे वळली. "दर्जे तीनच आहेत. तिसरा डोळ्याला टोचतो, दुसरा अंगाला, आणि पहिला जिवाला. दोष दिसतो किती मोठा, ते मी बघत नाही. तो माणसाचं काय करतो, ते बघते. यावरून नंतर कुणी माझ्यावर रुसायचं नाही."

"रुसायचं कशाला?" व्याही आणि विहीण एकदमच म्हणाले.

भेग बैठकीच्या दारावर होती, चांगली हातभर लांब, चू नदीसारखी वळणं घेत गेलेली. बुरुलनं खुर्चीवर चढून नख फिरवलं, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. "वरचा गिलावा सुकताना तडकलाय. आतली भिंत ठणठणीत आहे. तिसरा."

"तिसरा?" सालकिनबाईंचा चेहरा पडला. "अगं, शाळेच्या मुख्याध्यापिकेला मी खास ही भेग बघायला बोलावलं होतं! ती म्हणाली, रात्री भूकंप झाला तर काय कराल?"

"भूकंप झाला तर मुख्याध्यापिकेच्या घरी जाऊ आई. पण या भेगेमुळे नाही."

ओमुरबेकांनी खुशीत येऊन मेंढीच्या गालाचा मोठासा तुकडा कापला आणि मक्सातच्या ताटात टाकला.

मग शार्शेकाका पुढे आले. तिलेकच्या वारलेल्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. जिथे दोन माणसांत जुंपेल तिथे यांची उतरण्याची जागा मधोमध. त्यांनी परडीतलं सफरचंद उचललं, जमिनीवर ठेवलं आणि ते संथपणे खिडकीकडे घरंगळत गेलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"घरच्या सफरचंदालासुद्धा बाहेर जावंसं वाटतं," काका म्हणाले.

"उतार आहे, पण चालणाऱ्याला कळण्याइतका नाही," बुरुल म्हणाली. "तिसरा."

"आणि न्हाणीघर?" असं म्हणत सालकिनबाईंनी दिरालाच आत पाठवलं. "लावून घ्या आतून. लावा, लावा."

दार लागलं. ते काही उघडेना. आतून आधी खडखडाट, मग खांद्याच्या धडका, मग काकांनी सालकिनबाईंच्या माहेराविषयी काढलेले उद्गार ऐकू आले. अखेर मक्सातनं बाहेरून बिजागरी उचलली, तेव्हा काका घामाघूम होऊन बाहेर पडले.

"दुसरा," बुरुल म्हणाली.

"दुसरा? मी आत गाडला गेलो होतो!"

"आत पाणी होतं, दिवा होता, तुम्हाला ओरडायला आवाज होता. जीव गेला नसता काका. अंगाला टोचलं, म्हणून दुसरा."

"याला म्हणतात न्याय!" ओमुरबेक मांडीवर थाप मारून म्हणाले. पाळ्यांचा लाल रंग केव्हाच उतरला होता. लेकीकडे त्यांनी असं पाहून फार दिवस झाले होते. बुरुलच्या मनात आलं, चला, सुटलो. दोन तिसरे, एक दुसरा. सासूला थोडं मिळालं, बापाला थोडं मिळालं, आता पुन्हा चहा.

"थांबा, एक राहिला," सालकिनबाई म्हणाल्या. "मासळी."

"कसली मासळी?"

"तेच तर! थंडी पडल्यापासून आपल्या घरात रोज मासळी तळली जाते. मी तळत नाही. बुरुल तळत नाही. कढईसुद्धा चुलीवर नसते. पण वास आपल्या घरात. आत्तासुद्धा आहे बघा. याचा दर्जा सांग."

आता मात्र बैठक कोसळलीच. शार्शेकाकांनी गडाबडा लोळण्याचं तेवढं बाकी ठेवलं. ओमुरबेक डोळे पुसत म्हणाले, "विहीणबाई, सिमेंटचा दोष माझा, विटांचा दोष माझा. शेजारणीच्या मासळीचा दोषही माझाच? तिला सांगतो मी, बाई, बटाटे तळत जा!"

सगळ्यात शेवटी त्यांच्या लक्षात आलं की बुरुल हसत नाहीये.

"आई, वास कुठून येतो?"

"आता हे बघ, मी आपली गंमत..."

"कुठून येतो?"

"स्वयंपाकघरात. गीझरच्या वरच्या जाळीतून."

बुरुल आत गेली. बाकीचे हसत हसतच मागून आले आणि दारात दाटी करून उभे राहिले. उन्हाळाभर या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. डोंगरावर बर्फ दिसायला लागलं, तशा त्या गेल्या आठवड्यापासून बंद झाल्या. भिंतीवर गॅसचा गीझर, त्याचा नळकांड्यासारखा पाइप भिंतीत शिरलेला, आणि वर जाळी. जाळीमागे धुराडं, खालच्या मजल्यापासून छपरापर्यंत सगळ्या स्वयंपाकघरांचं मिळून एकच. घरातली हवा त्यानं ओढून घ्यायची असते. बुरुलनं कागदी रुमालाचा पातळ पापुद्रा सोडवला आणि जाळीपाशी धरून सोडला.

तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून तिच्या गालाला येऊन लागला.

तिनं पुन्हा धरला. पुन्हा तेच. मासळीचा वास आता सगळ्यांनाच आला.

बुरुलनं गीझरचा गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि वळून नवऱ्याला विचारलं, "तिलेक, तुझं डोकं कधी दुखतं?"

"संध्याकाळी. घरी आलो की."

"आणि बाहेर पडलास की?"

"थांबतं. म्हणून तर रोज चकरा मारायला जातो. लोकांना वाटतं, कुत्रं हरवलंय माझं."

या वेळी कुणी हसलं नाही. बुरुल म्हणाली, "पहिला."

एखादी गोष्ट मागत असताना माणूस शूर असतो, मिळाली की घाबरतो. सालकिनबाई सकाळपासून ज्या शब्दासाठी तरसत होत्या, तो ऐकल्याबरोबर त्यांनी सुनेचा दंड धरला.

"छे, छे! पहिला कसला? मला सर्दी झालीय. मला काय वास कळतोय?" आणि मग तिला खिडकीशी ओढत दबक्या आवाजात, "गप बस गं. दरवाजा नि भेग, ही चेष्टा असते. व्याह्याला चिमटा काढायचा असतो, त्याची मान कापायची नसते. तेसुद्धा आपल्याच दस्तरखानावर जेवायला बोलावून?"

"वारा डोंगराकडून आहे आज," ओमुरबेक म्हणाले. ते पुढे आले होते, पण जाळीकडे बघत नव्हते. "वारा फिरला की धुराडं कधीकधी उलटं वाहतं. जुनी गोष्ट आहे. दुसरा लाव, बुरुल. उद्या सकाळी माणसं पाठवतो."

एरवी ते तिला 'पोरी' म्हणायचे. बुरुलला सगळं समजत होतं. दुसरा लावला तर ती एका घरची दुरुस्ती होती. पहिला लावला तर त्या उभ्या रांगेतला प्रत्येक गॅस आजच बंद, प्रत्येक घराला आजच निरोप. पलीकडच्या रस्त्यावर बाबांची दुसरी इमारत उभी राहत आली होती. तिच्या किल्ल्या घ्यायला माणसं थांबली होती. ही बातमी त्यांच्या कानावर जायला एक संध्याकाळ पुरली असती.

"बाबांचा विचार कर," मक्सात म्हणाला. "हे धुराडं मी स्वतः तपासलंय. दोरीला गोळा बांधून वरून खालपर्यंत सोडला होता. कुठे अडला नाही."

"कधी सोडलास, दादा?"

मक्सात आठवू लागला. "चौथ्या मजल्याचं बांधकाम संपलं तेव्हा."

"आणि पाचवा मजला चढल्यावर?"

मक्सातनं बापाकडे पाहिलं. बापानं मक्सातकडे.

व्याही-विहीण आता खांद्याला खांदा लावून उभे होते. लग्न ठरल्यापासून या दोघांचं एकमत झालेलं बुरुलनं आज पहिल्यांदा पाहिलं, आणि तेही तिच्याविरुद्ध. दुसऱ्या एखाद्या दिवशी तिला गंमत वाटली असती. तिच्या बाजूला फक्त तिलेक येऊन उभा राहिला, कपाळाला हात लावूनच.

"आई, सर्दीनं दर्जा बदलत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वाऱ्यानंही नाही. बाबा, मासळीला वास आहे म्हणून ती कळली. खालच्या मजल्यावर गीझर पेटले की त्यांचा धूर याच वाटेनं इथे येतो, आणि त्यातल्या विषाला वास नाही. आत्तापर्यंत खिडकीच्या फटींनी वाचवलं. या आठवड्यात फटी बुजवायच्या असं आई म्हणत होत्या. बुजवून झोपलो असतो, तर सकाळी..."

सालकिनबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्यांचा सुनेच्या दंडावरचा हात सुटला.

ओमुरबेकांनी स्वतःच रुमाल घेतला. जाळीपाशी धरला. कागद फडफडत त्यांच्या छातीवर येऊन पडला. बुरुलनं त्यांच्या कानांकडे पाहिलं. ते लाल नव्हते, पांढरे पडले होते.

"हातोडा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"हातोडा कशाला?" सालकिनबाई दचकल्या.

"जाळीच्या वर फोडतो. अडलंय ते तिथेच कुठेतरी. खालचं इथवर येतंय आणि पुढे जात नाहीये."

"अहो, माझ्या टाइल्स!"

त्या टाइल्सवर लाल ट्युलिप होते. दोर्दोय बाजारातली अर्धी दुकानं पालथी घालून बाईंनी त्या निवडल्या होत्या, आणि सगळ्या घरात दोष नसलेली तेवढी एकच गोष्ट आहे असं त्या सांगत. त्यांनी ट्युलिपकडे पाहिलं, तिलेककडे पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि पोटाशी धरलं.

"त्या कोपऱ्याकडून फोडा," त्या म्हणाल्या. "तिथे फुलं कमी आहेत."

ओमुरबेकांनी डोक्यावरची पांढरी नमद्याची टोपी काढली. कल्पाक काही ओट्यावर किंवा जमिनीवर ठेवायची वस्तू नव्हे, म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. सालकिनबाईंनी घड्याळ दिराच्या हातात दिलं आणि टोपी दोन्ही हातांनी घेतली. मग सणाच्या शुभ्र सदऱ्याच्या बाह्या सारून हा माणूस खुर्चीवर चढला आणि स्वतः बांधलेल्या भिंतीवर त्यानं घाव घातला.

ट्युलिप तडकले. विटा निघाल्या. मक्सातनं खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढू लागला. आधी वाळलेल्या चुन्या-सिमेंटचे गोळे आले, मग अर्धी वीट, मग दगडासारखी घट्ट झालेली सिमेंटची रिकामी गोणी. पाचव्या मजल्याचं काम चालू असताना कुणी तरी ती धुराड्याच्या तोंडावर टाकली असणार, ती आत घसरली, आणि वरून पडलेला माल तिच्यावर थापला गेला. गोणी निघाली आणि मागोमाग काजळी, धूळ आणि मासळीचा असा काही लोट आला की, शार्शेकाका घड्याळासकट मागच्या मागे बैठकीत गेले.

"आता धर कागद," ओमुरबेक खोकत म्हणाले.

बुरुलनं भगदाडावर फळी टेकवली आणि कागद जाळीपाशी नेला. तो क्षणभर डुलला, आणि टक्कन जाळीला जाऊन चिकटला. तिनं हात काढून घेतला तरी तो पडेना.

"ओढतंय!" शार्शेकाका ओरडले, आणि घोड्यांच्या शर्यतीत आपला घोडा पहिला आल्यासारखा सगळ्या घरात जल्लोष झाला. कुणी तरी तळलेल्या बोरसोक-पुऱ्यांची परात आत आणली. ओमुरबेक खुर्चीवरून उतरले. केस, भुवया, सदरा, सगळं राखेच्या रंगाचं. त्यांनी कुणाच्याच हातचं काही घेतलं नाही.

"मक्सात, छपरावर जा. इमारतीतल्या एकूण एक धुराड्यात गोळा सोड. पलीकडच्या इमारतीतही. आजच."

"आज? पाहुणे..."

"पाहुण्यांनाच ने. मेंढी खाल्लीय, ताकद आहे."

मक्सात दारापर्यंत गेला आणि परत आला. "बुरुल," तो म्हणाला, "तू वर येशील? मी सोडतो, तू बघ. या वेळी मी एकट्यानं बघायला नको."

"येते, दादा. आधी खालच्यांना गॅस बंद करायला सांगून येते. धुराड्याची ओढ मोजून बघेपर्यंत कुणीही गीझर लावायचा नाही."

"ते तू सांगायचं नाही," ओमुरबेक म्हणाले. "ही घरं मी विकलीत. मी सांगतो."

ते बाहेर जिन्यावर गेले आणि कठड्याला हात लावून उभे राहिले. किल्ल्या देताना त्यांनी या सगळ्या दारांत मिठाई वाटली होती. वाईट बातमी घेऊन खरेदीदाराच्या दारात ते आयुष्यात कधी गेले नव्हते. असल्या कामाला माणसं पाठवली जात. बुरुल मागे थांबली. पुढे व्हावं की नाही, ते तिला कळेना.

तेवढ्यात सालकिनबाई तिला बाजूला सारून बाहेर आल्या. त्यांनी कल्पाकवरची धूळ फुंकरीनं उडवली आणि व्याह्यांच्या हातात दिली.

"घाला. आणि चला, मी येते. अशा अवतारातला एकटा पुरुष बघून कुणी दार उघडायचं नाही. शिवाय तुम्हाला बोलता येत नाही, नुसतं बांधता येतं."

"तेही येत नाही, असं सकाळपासून सांगत होतात ना?"

"ते आपल्यातलं आपल्यात. बाहेरच्या कुणी म्हणून तर बघावं, जीभ हासडीन."

दोघं खाली उतरली. बुरुल चार पायऱ्या मागे ठेवून गेली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. कडेवर तान्हं मूल, हातात झारा, अशी एक तरुण बाई दारात उभी होती. राखेनं माखलेला माणूस आणि रेशमी रुमाल बांधलेली म्हातारी बघून ती दोन पावलं मागेच सरकली.

"घाबरू नकोस गं," सालकिनबाई म्हणाल्या. "हे माझे व्याही. ही इमारत यांनी बांधलीय. त्यांना काही सांगायचंय. आधी तुझा गॅस बंद कर, आणि खिडकी उघड."

बाई आत जाऊन आली. ओमुरबेकांनी घसा साफ केला. "ताई, तुमच्या धुराड्यात दोष सापडलाय. आमच्या हातून राहिलेला. अडलेलं काढलंय, पण मोजून होईपर्यंत गीझर लावू नका. पहिल्या दर्जाचा आहे."

"पहिल्या दर्जाचा?" ती जरा सावरून म्हणाली. "म्हणजे चांगला ना?"

"नाही, ताई. सगळ्यात वाईट. जिवावर बेतणारा."

बाईनं मुलाला घट्ट धरलं. एकदा त्यांच्याकडे, एकदा सालकिनबाईंकडे पाहिलं. "असं कोण म्हणतं?"

"माझी लेक म्हणते," ओमुरबेक म्हणाले. मग जिन्याकडे न बघता, पण वरपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "तेच तिचं काम आहे. आणि त्यात तिचं चुकत नाही."

बुरुल उरलेल्या पायऱ्या उतरली आणि बापाशेजारी जाऊन उभी राहिली.